वामनरावांचा ड्रायव्हर

सकाळी कवडू बावणेने महादेवरावांना फोन लावला. तो वाजला आणि कापला गेला. मग त्याने जितेंद्रला लावला. तोही वाजला आणि कापला गेला. नागपूरजवळ वाडीत या दोघा दलालांची दुकानं भिंतीला भिंत लागून होती. एकाने कवडूचा फोन कापला की दुसरा मोबाईल हातात धरून तयारच बसायचा.

दोष तसा दलालांचा नव्हता. कवडूचा एकच ट्रक. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. अशा माणसाने दलालाला फोन करावा, माल कोणता, जायचं कुठं, टनाला भाव काय एवढं विचारावं, थोडं ताणून धरावं आणि मोकळं व्हावं, अशी रीत. कवडूचं तेवढ्या वेळात नुसतं ‘काय मंग, बरं आहे न’ व्हायचं. त्यानंतर डिझेल, टायर, देवरीजवळचा रस्ता, गेल्या खेपेला ढाब्यावर मिळालेली कच्ची पोळी, असं करत करत तो भावावर यायचा. दहा रुपये वर, पाच खाली, की पुन्हा डिझेल. एकदा महादेवरावांनी वैतागून त्याचा भाव पहिल्याच वाक्यात कबूल केला, तर कवडू हिरमुसला. म्हणाला, “असं काहून गा महादेवराव? तब्येत बरी नाही काय? थोडं तं कमी करा!”

कामठीच्या घरात तो एकटाच राहत होता. बायको सत्यवती दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा मोहित पुण्याला. त्याचा रविवारी फोन यायचा. “जेवले का? बीपीची गोळी घेतली का? ठेवू मग?” मोहितचं ‘मंग’ पुण्याला जाऊन ‘मग’ झालं होतं आणि त्या ‘मग’ला लागूनच फोन बंद व्हायचा. बाकी आठवडाभर कवडूशी बोलायला कुकरची शिट्टी आणि ट्रकचा रिव्हर्सचा भोंगा.

सत्यवतीचा बटणांचा छोटा फोन अजून कपाटावर होता. कवडू तो चार्ज करायचा, त्यात रिचार्जही टाकायचा. कोणी विचारलं असतं तर ‘नंबर बंद पडू नये म्हणून’ असं त्याने सांगितलं असतं. विचारायला कोणी नव्हतं.

त्या दिवशी दोन्ही दलालांनी फोन कापल्यावर त्याची नजर त्या फोनवर गेली. गंमत म्हणून म्हणा की राग म्हणून म्हणा, त्याने त्यावरून महादेवरावांचा नंबर फिरवला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“बोला, कोण?” महादेवराव अगदी गोड आवाजात म्हणाले.

कवडू गांगरला. खरं नाव सांगितलं तर फोन पुन्हा कापला जाणार. त्याने खांद्यावरचा दुपट्टा तोंडापुढे धरला आणि आवाज जाड करून म्हणाला, “वामनराव बोल रहा. कामठी से. गाडी खाली है. माल है क्या?”

वामनराव हे नाव त्याला समोरच्या कॅलेंडरवर दिसलं होतं. ते एका सराफाचं होतं.

“वामनराव? पण इथं स्क्रीनवर तं सत्यवती दिसून राहिलं.”

“कंपनी का नाम है,” कवडू म्हणाला. “सत्यवती रोडलाइन्स.”

“अच्छा, अच्छा!” महादेवराव बहुधा खुर्चीत सरळ होऊन बसले. “किती गाड्या आहेत साहेब?”

कवडूने खिडकीतून अंगणाबाहेर उभ्या असलेल्या एकुलत्या एक ट्रककडे पाहिलं. “गिनने का टाइम नहीं. भाव बोलो.”

“रायपूरचा माल आहे. कळमन्याहून तूरडाळ. टनाले हजार.”

“सोच के बताता,” म्हणून कवडूने फोन ठेवला. इतक्या कमी शब्दांत आपण आयुष्यात कधी बोललो नाही हे त्याच्या लक्षात आलं.

त्याचा बेत साधा होता. माल आहे हे कळलं, आता आपल्या नावाने फोन करायचा आणि निवांत बोलून भाव ठरवायचा. पण त्याआधी त्याचाच फोन वाजला. महादेवरावांनी आपणहून केलेला. कवडूने तो घाईघाईने उचलला.

“कवडू, रायपूरचा माल आहे. एक कामठीचे मोठे मालक आहेत वामनराव म्हणून, ते हजारमध्ये जाऊन राहिले. तू बोल पटकन.”

“हजार? बाराशेच्या खाली परवडते काय महादेवराव? अहो, डिझेल कुठी गेलं...”

“डिझेल मले ठाऊक आहे. वामनरावनं दोन शब्दांत विषय संपवला गा. तू सांग, जमते का नाही?”

ते वामनरावांचं कौतुक कवडूला झोंबलं. कोण कुठला हा कामठीवाला? दहा गाड्या दारात असतील आणि गरिबाच्या तोंडचा माल पळवतो. “नऊशे पन्नास लिहा,” कवडू तडकून म्हणाला.

दोन मिनिटांत कपाटावरचा फोन वाजला. कवडूने दुपट्टा धरला.

“वामनराव साहेब, दुसरा एक गाडीवाला आहे, कवडू म्हणून. तो साडेनऊशेत तयार आहे.”

दुपट्टा तोंडापुढे आला की कवडूला काय व्हायचं कोणास ठाऊक. एवढी मोठी कंपनी, आणि त्या एका ट्रकच्या बडबड्या कवडूपुढे माघार घ्यायची? “कौन कवडू?” तो म्हणाला. “नौ सौ.”

मग आपल्या फोनवर साडेआठशे. मग कपाटावरच्या फोनवर आठशे. इतक्या वर्षांत त्या घरात एका सकाळी इतके फोन कधी वाजले नव्हते. कवडू या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होता, गॅसवरची भाजी करपली होती, आणि तो मनापासून रागावलेला, मनापासून खूश होता. शेवटी वामनरावांनी साडेसातशेवर माल उचलला. महादेवरावांनी कवडूला तसं कळवलं, “राहू दे बाबा, तुले नाही झेपायचं,” असं वर म्हणाले आणि फोन ठेवला.

घर शांत झाल्यावर कवडूने भाजीचं भांडं पाण्यात घातलं आणि मनात हिशोब केला. डिझेल आणि टोल वजा जाता या खेपेत चहापाणी तेवढं सुटत होतं.

दुसऱ्या दिवशी कळमन्याच्या डाळमिलवर ट्रक भरणं चालू असताना फाटकातून महादेवराव येताना दिसले. हातात संत्रा बर्फीचा डबा होता. असे दोन शब्दांत भाव ठरवणारे वामनराव आपल्या डोळ्यांनी पाहावेत, ओळख वाढवावी, म्हणून ते मुद्दाम वाडीहून आले होते. लपायला कवडूला डाळीच्या पोत्यांशिवाय काही नव्हतं आणि ती तर हमाल ट्रकमध्ये टाकत होते.

“कवडू? तू इथं काहून गा?” महादेवरावांनी ट्रककडे पाहिलं. नंबर ओळखीचा. समोर काचेवर लिहिलेलं ‘मोहित’ ओळखीचं. “हा माल तं वामनरावचा आहे. आणि ही गाडी तुझीच आहे न?”

कवडूच्या तोंडून एकच शब्द निघाला. “होती.”

तो शब्द बाहेर पडला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. महादेवरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी डबा एका पोत्यावर ठेवला.

“विकली?”

“कागद अजून नावावर झाले नाहीत,” कवडू म्हणाला. खोटं बोलायला लागल्यावर तपशील आपोआप सुचत गेले. “पण मालक आता वामनराव. मी त्याचा ड्रायव्हर.”

“केव्हा झालं हे? काल तं तू भाव...”

“कालच. तुमचा फोन झाला, तुम्ही म्हणाले तुले नाही झेपायचं. म्हटलं खरंच आहे.”

महादेवराव तिथंच पोत्यावर बसले. काल आपण दोन रुपयांच्या दलालीसाठी एकाला दुसऱ्यावर घातलं आणि त्यात या माणसाची गाडी गेली, असं त्यांनी मनाशी जुळवलं. त्यांनी बर्फीचा डबा कवडूच्या हातात दिला. “तूच ठेव,” म्हणाले. डोळे पुसायला रुमाल काढला आणि डाळीचा भुसा डोळ्यात गेल्यासारखं केलं.

कवडू रायपूरच्या रस्त्याला लागला. भंडाऱ्याच्या पुढे गेला नाही तोच जितेंद्रचा फोन आला. त्याने ट्रक ढाब्यावर लावून उचलला.

“कवडूभाऊ, ऐकलं मी. लई वाईट वाटलं. जेवलास काय?”

जितेंद्रने असं कधी विचारलं नव्हतं. दोघं बोलत बसले. डिझेलवर बोलले, टायरवर बोलले. ढाब्यावरच्या कच्च्या पोळीचा विषयही जितेंद्रने शेवटपर्यंत ऐकून घेतला. देवरीला पोचेपर्यंत वाडीतल्या अजून तिघांचे फोन आले. एकाने तर आपल्या मेहुण्याने गाडी विकली त्याची सगळी कहाणी सांगितली आणि कवडूनेच त्याचं सांत्वन केलं. रायपूरला माल उतरवायला उशीर झाला, पण कवडूला घाई नव्हती.

परतल्यावर तर कमालच झाली. वाडीत गेला की दुकानादुकानांतून हाका यायच्या. “या कवडूभाऊ, बसा.” महादेवरावांच्या बायकोने, जयवंताबाईंनी, डब्यात कोथिंबिरीची सांबारवडी पाठवली. मोहितचा फोन भर बुधवारी आला. त्याला महादेवरावांनीच कळवलं होतं. “बाबा, गाडी विकली आणि मला सांगितलं पण नाही?” तो बराच वेळ बोलला. बोलता बोलता त्याचं ‘मग’ पुन्हा ‘मंग’ झालं. “एकटं वाटते काय तुम्हाले?” त्याने विचारलं. कवडू म्हणाला, “नाही गा, इथं लई लोक आहेत.” आणि ते त्या आठवड्यापुरतं खरं होतं.

खरं सांगून टाकायला हवं, असं त्याला रोज वाटायचं. पण खरं सांगितलं की हे सगळे पुन्हा आपापल्या कामाला लागतील, हेही त्याला दिसत होतं. म्हणून तो रोज ‘उद्या सांगू’ म्हणायचा आणि चहा प्यायचा.

अशात एक दिवस कपाटावरचा फोन वाजला.

“वामनराव, महादेवराव बोलून राहिलो,” पलीकडचा आवाज आता गोड नव्हता. “कवडूले पगार काय देता तुम्ही?”

कवडूने दुपट्टा शोधला. “जो सब को देते.”

“त्याचा पगार वाढवा.”

ही मागणी मान्य करायला कवडूला काहीच हरकत नव्हती. पण समोरून कोणी भाव बोललं की आपण खाली यायचं नाही, ही इतक्या वर्षांची सवय. “नहीं परवडता,” तो म्हणाला.

“गाडी त्याची होती साहेब! आपल्या लेकरासारखी ठेवली त्यानं. त्याच्यासारखा हात नागपुरात नाही कोणाचा.”

“बहुत बोलता है वो.”

मग महादेवराव म्हणाले, “बोलते तं बोलू द्या. घरी कोण आहे त्याचं? घरची गेली तेव्हापासून तो असाच आहे. तो दहा-पाच रुपयांसाठी घासाघीस करते, असं वाटलं का तुम्हाले? तो फोन लांबवते, वामनराव. मले ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे. तरी मी त्याचा फोन कापायचो. धंद्याची वेळ असते, काय करता. पण आता वाटते, उचलला असता तं माझं काय गेलं असतं?”

कवडूच्या हातातला दुपट्टा खाली आला. “हाव,” तो आपल्याच आवाजात म्हणाला. मग दचकून, “हाँ, हाँ.”

“काय हाँ? पगार वाढवता काय?”

“सोचूंगा.”

“सोचा. तोवर वाडीतून तुमच्या कंपनीले एक पोतं माल भेटणार नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलं.”

फोन बंद झाला. कवडू पलंगावर बसला. आपल्या बाजूने कोणी इतकं भांडलेलं त्याने आजवर ऐकलं नव्हतं. त्या आनंदात संध्याकाळ गेली. सत्यवती रोडलाइन्सचा माल बंद म्हणजे आपलाच ट्रक बंद, हे त्याला सकाळी ट्रक पुसताना कळलं.

दलालांनी शब्द पाळला. ते एरवी एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचे, पण कवडूसाठी सगळे एक झाले. वामनरावांनी फोन केला की ‘पहिले कवडूचं बघा’ म्हणून ठेवून द्यायचे. कवडूने आपल्या नावाने माल मागून पाहिला, तर जितेंद्रने प्रेमाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुले तं आत्ता देतो गा. पण तुझ्याजवळ गाडी कुठी आहे?”

ट्रक दारात उभा राहिला. टायरखाली गवत दिसू लागलं. कवडूला वाडीत चहा फुकट, नाश्ता फुकट, सहानुभूती भरपूर. आणि घरी तेलाची पिशवी संपत आलेली. वामनरावांनी पगार वाढवला असं कळवून त्याने सुटायचा प्रयत्न केला. पण तोवर महादेवराव त्याच्याही पुढे गेले होते. त्यांनी कवडूला दुकानात बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

“बस. ड्रायव्हरकी नाही करायची तू. गाडी परत घेऊ. कागद नावावर झाले नाहीत न अजून? मंग झालं तं. मी बोलतो त्या माणसाशी.”

“राहू द्या महादेवराव, मी पाहतो...”

“तुले नाही जमत. तू डिझेलवर जाशील. मी दोन शब्दांत बोलतो.” त्यांनी नंबर लावून मोबाईल कानाला धरला.

आणि सकाळी वामनराव होऊन बोलल्यावर कवडूच्या शर्टाच्या खिशातच राहिलेल्या सत्यवतीच्या फोनची कर्कश घंटी वाजायला लागली.

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. महादेवरावांनी खिशाकडे पाहिलं. मग आपल्या मोबाईलकडे पाहिलं. त्यांनी कॉल कापला. घंटी थांबली. पुन्हा लावून कानाला धरला. पुन्हा वाजली. कवडू मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. आता उठतील, हाकलतील, वाडीभर सांगतील, आणि या रस्त्याने पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, असं त्याला वाटलं. घंटी वाजतच होती.

महादेवरावांनी मोबाईल कानावरून काढला नाही. ‘होती’पासून सांबारवडीपर्यंत सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जात होतं. मग त्यांनी घसा साफ केला.

“उचल,” ते म्हणाले. “मोठा माणूस आहे. वाट पाहायची सवय नसते त्यायले.”

कवडूने फोन काढला. बटण दाबून कानाला लावला. दुपट्टा धरायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

“हॅलो.”

“वामनराव, महादेव बोलतो,” दोन हातांवरून महादेवराव फोनमध्ये म्हणाले. “कवडूची गाडी परत करता काय?”

“कर देंगे,” कवडू पुटपुटला.

“केवढ्यात?”

कवडूने वर पाहिलं. महादेवराव हसत नव्हते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, भाव ठरवताना बघायचे तसेच. समोरच्याने भाव विचारला होता. “आप बोलो,” तो म्हणाला.

“एक जेवण. येत्या रविवारी, आमच्या घरी.”

“एक में नहीं होता.”

“महिन्यातून एक रविवार.”

“हर रविवार.”

“वामनराव, आमच्या जयवंताबाईंचाबी विचार करा. महिन्यातून दोन. त्याच्या वर एक घास नाही.”

“और फोन?” कवडूने विचारलं. आवाज आता वामनरावांचा राहिला नव्हता, पण हिंदी त्याने सोडली नाही. “फोन उठाना पडेगा.”

“उचलीन. दहा मिनिटं.”

“बीस.”

“पंधरा, आणि त्यात डिझेलचा विषय एकदाच.”

डिझेल सोडणं सोपं नव्हतं. “ठीक है,” तो म्हणाला. “ले जाओ गाडी.”

दोघांनी फोन ठेवले. बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. महादेवरावांनी कपाळावरचा घाम पुसला, पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि कवडूकडे सरकवली.

“झालं गा,” ते म्हणाले. “लई चिवट माणूस आहे हा वामनराव. पण मानला शेवटी.”

“मले नव्हतं वाटलं,” कवडू आपल्या आवाजात म्हणाला. तो पाणी प्यायला. थोडं शर्टावर सांडलं, ते पुसताना त्याने डोळेही पुसून घेतले.

महादेवराव मागे रेलून बसले. आता त्यांचा चेहरा पुन्हा दलालाचा झाला.

“आता सांग. एवढा मोठा सौदा करून दिला. माझी दलाली कोण देणार?”

कवडूने बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं.

“ते वामनरावले मागा,” तो म्हणाला. “मी तं ड्रायव्हर माणूस.”